बिल्ल्यावरचा नंबर कुणाचा? विदर्भातल्या खाणींचा इतिहास जपू पाहणाऱ्या नव्या माणसांसाठी

माझ्या टेबलाच्या खणात एक पितळी बिल्ला आहे. जुन्या रुपयाएवढा, काठ झिजलेला. खिळ्यावर अडकवून अडकवून त्याचं भोक एका बाजूला लांबट झालंय. मध्ये आकडा ठोकलाय, ३१२. कोळसा खाणीच्या लॅम्प रूममध्ये असे बिल्ले असायचे. पाळीवर जाताना कामगार खिडकीत बिल्ला द्यायचा आणि दिवा घ्यायचा. वर आला की दिवा जमा, बिल्ला परत. पाळी सुटून तास झाला तरी खिळ्यावर बिल्ला लटकतोच आहे, म्हणजे कुणीतरी अजून खाली आहे.

३१२ नंबरचा माणूस कोण होता, मला माहीत नाही. कोणती खाण, तेही नाही. आमच्यातल्या एकाने भंगाराच्या पोत्यातून तो उचलला, आणि पोतं कुठून आलं एवढं विचारायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी पोतं वितळायला गेलं होतं. एक प्रश्न, अर्धा मिनिट लागला असता. तेवढं न झाल्यामुळे आज माझ्या हातात पितळ आहे, माणूस नाही.

चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठी, तुमसर या पट्ट्यात खाणींच्या आठवणी गोळा करणारी थोडी माणसं आहेत. कुणी निवृत्त ओव्हरमन (खाली पाळीवर देखरेख करणारा), कुणी कामगाराची मुलगी, कुणी शाळामास्तर. मी हॉलेज खलाशाची, म्हणजे दोराने कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या यंत्रावरच्या कामगाराची मुलगी. नव्याने येणारा प्रत्येकजण पहिल्यांदा हेच विचारतो की सुरुवात कुठून करू. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी थोडी ओळख

वरोरा म्हटलं की लोकांना आनंदवन आठवतं, आणि ते योग्यच आहे. पण वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली ती १८७० च्या दशकात, आणि तिला इथवर ओढून आणणारा होता कोळसा. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली. तोवर बल्लारपूरला काम सुरू झालं होतं. पुढे घुग्घुस, माजरी, राजुऱ्याकडची सास्ती, चंद्रपूर शहराला चिकटून महाकाली, रय्यतवारी, लालपेठ अशा खाणी उभ्या राहिल्या. नागपूरकडे कामठी, सिल्लेवाडा, सावनेर, उमरेड. कामठीचं नाव तर भूगर्भशास्त्रात कायमचं कोरलं गेलंय. कोळशाच्या थरांवर जो वालुकाश्म सापडतो त्याला 'कामठी' थर म्हणतात.

दुसरी खाणदुनिया मँगनीजची. नागपूर जिल्ह्यातली मनसर, कांद्री, गुमगाव, भंडाऱ्यातली चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, आणि सीमेपलीकडे मध्य प्रदेशातली तिरोडी, उकवा, बालाघाट. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या ब्रिटिश कंपनीने हा धंदा सुरू केला. १९६२ मध्ये 'मॉइल', म्हणजे मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड ही कंपनी झाली, तेव्हा सरकारचा वाटा ५१ टक्के होता. १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. लुईस ली फर्मर या भूगर्भशास्त्रज्ञाने या भागातल्या मँगनीजयुक्त खडकाला 'गोंडाइट' नाव दिलं, गोंडांवरून. जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आज हा शब्द आहे. ज्या गोंड बायांनी या डोंगरांवर दगड फोडून, निवडून टोपल्या भरल्या, त्यांची नावं मात्र कुठल्या पुस्तकात शोधायची?

कोळशाच्या बाबतीत एक तारीख पाठ करून ठेवा, १ मे १९७३. त्या वर्षीच्या जानेवारीत सरकारने खासगी कोळसा खाणींचा कारभार हातात घेतला आणि १ मेपासून त्या सरकारच्या मालकीच्या झाल्या. १९७५ मध्ये कोल इंडिया आणि तिच्याखाली नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आपली 'वेकोलि'. जुनी माणसं सन सांगत नाहीत. ती सांगतात, "मालकाच्या जमान्यात" किंवा "सरकारी झाल्यावर". मुलाखतीत वर्ष सापडत नसलं की हाच प्रश्न विचारायचा. त्याच्या आधीची खूण बहात्तरच्या दुष्काळाची, नंतरची आणीबाणीची. एवढ्या तीन खुंट्यांवर बहुतेक आयुष्यं नीट टांगता येतात.

पहिलं पाऊल: एकच खाण घ्या

नवा माणूस येतो आणि "मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या खाणींचा इतिहास लिहिणार" म्हणतो. चार महिन्यांत तो दिसेनासा होतो. जिल्हा घेऊ नका. एक खाण घ्या, शक्यतो तुमच्या घरापासून सायकलवर जाता येईल अशी. त्या खाणीचीही एखादीच इन्क्लाइन (खाली उतरणारी तिरपी वाट) घ्या, किंवा एकच खातं, लॅम्प रूम, हॉलेज, पंप, वर्कशॉप. तुमचे वडील, काका, शेजारी त्या खाणीत असतील तर फारच उत्तम. घरचीच दारं आधी उघडतात.

एक वही घ्या, पानांना आकडे घाला आणि पहिल्या पानावर खाणीची जेवढी नावं ऐकली तेवढी लिहा. कंपनीच्या कागदात एक नाव, लोकांच्या तोंडी दुसरं आणि रेल्वेच्या पाटीवर तिसरं, असं सर्रास असतं. चंद्रपूरचं नाव जुन्या दप्तरात 'चांदा'. मनसर, कामठी, बल्लारपूर, वरोरा यांची इंग्रजी स्पेलिंगं दर पिढीला बदललेली. पुढे शोधाशोध करताना हे पान तुमचे कित्येक दिवस वाचवेल.

दुसरं: खाली उतरायचं नाही

हे मी वस्तू आणि कागदांच्याही आधी सांगते, कारण तरुण मुलांचा उत्साह मी पाहिलाय. बंद पडलेल्या इन्क्लाइनचं तोंड दिसलं की "दहा पावलं आत जाऊन एक फोटो काढू" असं वाटतंच. जाऊ नका. एकही पाऊल नाही. बंद खाणीत ऑक्सिजन संपलेला असतो आणि नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही. कुठे मिथेन साचलेला असतो. कुठे कोळसा आतल्या आत धुमसत असतो, कारण कोळशाला हवा लागली की तो आपणहून तापतो. आणि आधार काढलेलं छत केव्हा बसेल याला नियम नाही. वरच्या जमिनीवरही भेगा दिसल्या, धूर किंवा वाफ दिसली, तर तिथून मागे फिरा आणि खाणीच्या कार्यालयाला कळवा.

आणखी एक. जुन्या सामानात तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची बोटाएवढी नळी सापडली आणि तिला वायर असेल, तर ती डिटोनेटर असू शकते. हात लावू नका, फोटोसाठी हलवू नका, मुलांना लांब करा, पोलिसांना कळवा. चाळीस वर्षांपूर्वीची आहे म्हणून ती निर्धोक नसते, उलट आणखी बेभरवशाची होते.

तिसरं: माणसं आधी, वस्तू मागून

कागद कपाटात आणखी दोन वर्षं टिकेल. पंचाऐंशी वर्षांचे काकाजी टिकतील याची खात्री नाही. म्हणून कोणत्याही नव्या माणसाला आम्ही पहिले सहा महिने फक्त मुलाखतींना लावतो.

तयारी साधी आहे. मोबाइल पुरतो. फ्लाइट मोडवर टाका, बॅटरी पूर्ण भरा, जागा मोकळी करा, फोन बोलणाऱ्याच्या छातीपासून हातभर अंतरावर दुमडलेल्या रुमालावर ठेवा. पंखा आणि कूलर बंद हवा, पण चंद्रपूरच्या मे महिन्यात म्हाताऱ्या माणसाचा कूलर बंद करणं हा अन्याय आहे. म्हणून उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत बसा किंवा मुलाखती सरळ हिवाळ्यावर ठेवा. ड्रिल मशीनवर काम केलेल्यांना बहुधा कमी ऐकू येतं. चांगला कान कोणता ते विचारून त्या बाजूला बसा. ज्यांच्या छातीत खाणीची धूळ बसली आहे त्यांना दर वीस मिनिटांनी थांबू द्या. खोकला आला की रेकॉर्डिंग थांबवा, पाणी द्या. त्या खोकल्याचा आवाज आपल्याला जतन करायचा नाहीये.

रेकॉर्डिंग सुरू केल्यावर पहिलं वाक्य तुमचं. तारीख, वार, गाव, कुणाचं घर, कोण बोलतंय, कोण विचारतंय, खोलीत आणखी कोण आहे. हे आवाजातच हवं, वहीत वेगळं लिहिलेलं असलं तरी. माझ्याकडे एक फाईल आहे, 'नवीन रेकॉर्डिंग १४'. बावन्न मिनिटं एक आजोबा छत कोसळल्याची रात्र सांगतायत, तीही इतकी नीट की ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. ती मुलाखत मी स्वतः घेतलेली नाही, आमच्याकडे दुसऱ्याच्या जुन्या फोनमधून आली. कोण बोलतंय, कुठली खाण, कुठली साल, काहीच नाही. आता ती कुणाच्याच इतिहासात बसत नाही.

मग संमती. आधी विचारा, आणि पुन्हा शेवटी विचारा. आवाज कुणाला ऐकवायचा, नाव द्यायचं की नाही, कोणता भाग कुणालाच द्यायचा नाही. कागदावर दोन ओळी लिहून सही किंवा अंगठा घ्या. माणूस वाचू शकत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा आणि ते वाचनही रेकॉर्ड करा.

प्रश्न कसे? "तुमच्या काळातली परिस्थिती सांगा" असं विचारलं की भाषण मिळतं. "पहिल्या दिवशी खाली कुणाच्या मागे मागे गेलात?" असं विचारा. "डब्यात काय होतं? डबा कुठे टांगायचात? उंदीर खायचे का?" असं विचारा. एका काकाजींना मी पहिल्या पाळीचं विचारलं तर ते म्हणाले, "पयल्या दिवशी मले काही दिसेच ना. पुढच्याचे पाय दिसे फक्त. त्याच्या पायाकडं पायत पायत गेलो." पुढचा एक तास मला विचारावंच लागलं नाही.

आणि करून दाखवायला लावा. हात बोलायला लागले की माणूस जास्त आठवतो. छताची ड्रेसिंग कशी करायचे हे दाखवताना त्याच काकाजींनी कोपऱ्यातली छत्री उचलली आणि तिच्या दांड्याने आपल्याच घराच्या भिंतीवर ठोकलं. टण वाजलं तर दगड धरून आहे. ढब वाजलं तर आत पोकळ, मग सब्बल घेऊन तो तुकडा आधी पाडायचा आणि मगच त्याखाली उभं राहायचं. लाकडी खांब त्यांना लोखंडी खांबापेक्षा आवडायचा. "लोखंड मुकं असते," ते म्हणाले, "लाकूड आधी कुरकुरते, पळा म्हणून सांगते." हा मजकूर खाणकामाच्या पाठ्यपुस्तकातही सापडेल. छत्रीचा दांडा, भिंतीवरचे दोन ठोके आणि त्यांनी ऐकण्यासाठी वाकडी केलेली मान मात्र सापडणार नाही. म्हणून शक्य असेल तिथे व्हिडिओ घ्या, चेहऱ्याचा कमी आणि हातांचा जास्त.

भाषा सुधारू नका. आपल्या खाणींत वऱ्हाडी-झाडीपट्टीची मराठी, हिंदी, तेलुगू, छत्तीसगढी, गोंडी एकाच पाळीत उतरायची. ओव्हरमन, सरदार (तुकडीवर आणि सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारा), शॉटफायरर (सुरुंग उडवणारा), टब, गोफ (कोळसा काढल्यावर उरलेली पोकळी), हॉलेज, केज (माणसं वर-खाली नेणारा पाळणा) हे शब्द त्या सगळ्यांचे झाले. लिहून काढताना 'टब'चं 'कोळसा वाहून नेणारी लहान गाडी' करू नका. टबच ठेवा आणि शेवटी शब्दांची यादी जोडा. कोणता शब्द कुणी, कोणत्या खाणीत वापरला, ते यादीत लिहा. आमच्याकडे हीच यादी सर्वांत जास्त मागितली जाते.

बाया विसरू नका

हे वेगळं सांगायची वेळ येऊ नये, पण येते. घरी गेलं की काकाजी खुर्चीवर बसतात, काकू चहा टाकायला आत जातात, आणि दोन तासांनी कळतं की काकूंची आई स्वतः खाणीत टोपली उचलत होती.

जुन्या काळी जोडप्याने काम चालायचं. नवऱ्याने कोळसा पाडायचा, बायकोने भरायचा. १९२९ च्या नियमांनी बायांना भूमिगत कामातून टप्प्याटप्प्याने बाहेर काढलं. महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ मध्ये ही बंदी उठवली आणि १९४६ मध्ये पुन्हा घातली. त्या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. बंदी उठवण्यावरून विधिमंडळात झालेल्या वादाला त्यांनाच उत्तर द्यावं लागलं, आणि कोळसा कामगारांसाठी कल्याण निधी उभारणारा १९४४ चा वटहुकूमही त्यांच्याच खात्याचा. ही माहिती हाताशी असली की एखाद्या आजींच्या "माझी माय लढाईच्या वक्ताले खाली जाये" या वाक्याचं वजन कळतं. कायद्याने बायांना पुन्हा खाली जायची मुभा मिळायला २०१९ उजाडलं.

मँगनीजकडे तर उघड्या खाणीवर दगड फोडणं आणि निवडणं बहुतेक बायांच्याच हाती होतं. हातात धोंडा घेऊन वजनावरून 'माल' की 'पत्थर' ते सांगणाऱ्या आजी अजून भेटतात. त्यांच्याशी बोलायला शक्यतो बाईने जावं, दुपारची कामं उरकल्यावर जावं, आणि पुरुषमंडळींना थोडा वेळ ओट्यावर बसवावं.

अपघाताविषयी विचारताना

प्रत्येक खाणवस्तीत एक तारीख असते, जी कुणी मोठ्याने उच्चारत नाही. छिंदवाड्याच्या परासिया भागात न्यूटन चिखलीच्या खाणीत १० डिसेंबर १९५४ रोजी पाणी घुसलं आणि ६३ माणसं गेली. एवढी मोठी घटना सरकारी यादीत सापडते. एकेकटे गेलेले मात्र घरच्यांच्या मनातच राहतात. असा विषय तुम्ही काढू नका, त्यांनी काढला तर थांबवूही नका. चूक कुणाची होती याचा निवाडा करायला आपण बसलेलो नाही. नाव, तारीख, पाळी, जागा एवढं लिहा आणि ते इतर दोन ठिकाणांहून ताडून पाहा. आठवण आणि कागद जुळले नाहीत तर दोन्ही ठेवा, शेजारी शेजारी. माणसाला खोटं ठरवू नका. बरेच लोक राष्ट्रीयीकरण 'बहात्तरला' झालं सांगतात. पोलादासाठी लागणाऱ्या कोकिंग कोळशाचं त्या साली झालंच होतं, शिवाय दुष्काळाच्या आठवणीत पुढचं वर्षही मिसळून गेलेलं असतं.

चौथं: कागद आणि फोटो

क्वार्टर खाली करायची वेळ आली की घराघरांतून एक पत्र्याची पेटी बाहेर पडते. तिच्यात काय पाहायचं? ओळखपत्र, पगाराच्या स्लिपा, कोळसा खाण भविष्य निधीचे कागद, सरदारकीचं किंवा गॅस टेस्टिंगचं सर्टिफिकेट, प्रथमोपचाराचा दाखला, युनियनच्या पावत्या, सुट्टीचे अर्ज, लग्नपत्रिका. हो, लग्नपत्रिकाही. तिच्यावर 'अमुक कॉलरी, तमुक लाइन' असा पत्ता छापलेला असतो आणि त्यावरून पाडून टाकलेली वस्ती पुन्हा मांडता येते.

पेटी नेऊ नका. तिथेच ओसरीवर पांढरी चादर अंथरा, खिडकीच्या उजेडात मोबाइलने सरळ वरून फोटो घ्या, कागदाची मागची बाजूही घ्या. स्कॅनर असेल तर कागदाला ३०० डीपीआय आणि फोटोला ६०० पुरेसं आहे. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर कधीच करू नका, कारण ते परत निघत नाही. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा. खुणा पेन्सिलीने करा. घरच्यांना सांगा की पेटी जमिनीवर ठेवू नका, विटांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. वाळवी आणि पावसाळा यांच्यासमोर बाकी उपाय दुय्यम आहेत.

ग्रुप फोटो मिळाला तर त्याची मोठी प्रिंट काढा, वर ट्रेसिंग पेपर ठेवा, प्रत्येक डोक्याभोवती गोल काढून आकडा घाला आणि तीन वेगवेगळ्या माणसांना स्वतंत्रपणे दाखवा. तिघांनी एकच नाव सांगितलं की पक्कं. दोघांनी सांगितलं तर प्रश्नचिन्ह ठेवा. यात जी धमाल चालते, "अरे हा तर आपला पंपवाला, याच्या मिशा कुठे गेल्या!", तीही रेकॉर्ड करा.

पाचवं: वस्तू

खरं सांगायचं तर वस्तू जमवण्याची घाई करू नये असं माझं मत आहे. जागा लागते, देखभाल लागते, आणि मालकीचा प्रश्न असतो. बंद खाणीच्या आवारात पडलेला टब, ड्रम, पाटी ही कंपनीची मालमत्ता आहे, गंजून चालली असली तरी. उचलून आणणं ही चोरी ठरते आणि आपलं सगळं काम बदनाम होतं. कंपनीच्या सब एरिया मॅनेजरला, म्हणजे त्या भागातल्या खाणींच्या अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, वस्तूचा फोटो जोडा, पोच घ्या. नकार आला तरी वस्तू होती याची नोंद त्या अर्जात राहते.

घरच्यांनी दिलेली वस्तू घ्यायची असेल तर कागदावर लिहून घ्या की देणगी आहे की सांभाळायला दिली आहे. या दोन्हींत फार फरक आहे, आणि पुढच्या पिढीत भांडणं त्यावरूनच होतात.

साफसफाईचा मोह आवरा. ज्योतीचा जुना सेफ्टी लॅम्प आला की पहिली इच्छा होते ती पितांबरी लावून चकचकीत करायची. या दिव्याच्या ज्योतीवर निळी टोपी चढली की मिथेन आहे हे सरदाराला कळायचं, आणि ज्योत मंदावली की हवा कमी आहे हे. त्याच्या जाळीवरची काजळी, पकडीवर घासलेली बोटांची जागा हा त्याचा इतिहास आहे. मऊ ब्रशने धूळ झटका, कोरड्या कापडात गुंडाळा, तेवढंच.

सहावं: नकाशे, आणि ते का लागतात

ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसला एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. घरातली माणसं वेळेत बाहेर आली म्हणून वाचली. खाणींचा इतिहास कशाला जपायचा असं कुणी विचारलं की मला हे घर आठवतं. आपल्याकडे बोर्ड अँड पिलर पद्धतीने कोळसा काढला, म्हणजे गल्ल्या खणायच्या आणि मध्ये कोळशाचेच खांब सोडायचे. कुठे ते खांबही नंतर काढले, कुठे पोकळीत रेती भरली, कुठे नाही. कुठे काय केलं ते जुन्या नकाशावर असतं आणि जुन्या माणसांच्या डोक्यात असतं.

बंद झालेल्या खाणीचे नकाशे खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावे लागतात. ते मागून घेणं वेळखाऊ आहे, पण तुम्ही दुसऱ्या टोकाने सुरुवात करू शकता. निवृत्त सर्व्हेअर किंवा ओव्हरमन सोबत घ्या आणि जमिनीवरून चाला. जुना पिट (खाली जाणारी उभी विहीर) कुठे होता, पंख्याचं घर कुठे, हॉलेज इंजिनाचा पाया कुठे, रेती भरायचा पाइप कुठून जायचा. प्रत्येक ठिकाणी मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवा आणि चारही दिशांना फोटो घ्या. घरी येऊन उपग्रहाच्या चित्रावर ठिपके टाका. एका सकाळी सात-आठ जागा नीट होतात, त्याहून जास्त नको. आणि कुणाच्या घराखाली पोकळी असल्याची शंका आली तर वस्तीत बोभाटा न करता ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद आणि खाण व्यवस्थापन, दोघांनाही लेखी कळवा.

सातवं: दप्तरं कुठे शोधायची

इथे इतिहासाने आपली जरा पंचाईत केली आहे. चंद्रपूर आणि नागपूर आधी मध्य प्रांतात आणि १९५० ते १९५६ मध्य प्रदेशात होते, राजधानी नागपूर. त्यामुळे जुनी फाईल नागपूरच्या अभिलेखागारात असू शकते किंवा राजधानी हलली तशी भोपाळला गेलेली असू शकते. राजुरा तालुका तर निजामाच्या हैदराबाद राज्यातला. सास्तीचा जुना कागद शोधायचा तर हैदराबादकडे पाहा, आणि उर्दू वाचणारा सोबती आधी गाठा. बल्लारपूर आणि सास्ती यांच्यामध्ये फक्त वर्धा नदी आहे, पण त्यांची दप्तरं दोन वेगळ्या राज्यांची.

सुरुवात मात्र जिल्हा गॅझेटियरपासून करा. नागपूर आणि भंडाऱ्याचं १९०८ चं, चांद्याचं १९०९ चं. खाणींवरची पानं थोडी आहेत, पण आकडे आणि जागा भरवशाच्या. नागपुरातच भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय आहे आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालयही. ग्रंथालयात बसायची परवानगी आधी पत्राने मागा. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा तर दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. पण "खाणीचा सगळा इतिहास द्या" असं मागाल तर नकार येईल. "अमुक खाण, १९७३ ते १९८०, बंद करण्यासंबंधीचा पत्रव्यवहार" असं नेमकं मागा.

आठवं: नोंद, रोजच्या रोज

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम हेच. आमचा नियम असा की मुलाखतीहून आल्यावर आंघोळीच्या आधी नोंद. एक खरी नोंद कशी दिसते ते पाहा, नाव तेवढं गाळलंय:

"क्र. ०४७. पत्र्याचा जेवणाचा डबा, दोन पुडी, झाकणाला तार बांधलेली. देणाऱ्या: निवृत्त लोडरच्या पत्नी. डबा 'सरकारी झाल्यावर दुसऱ्या वर्षी' बल्लारपूरच्या बाजारात घेतला. तार नवऱ्याने बांधली, उंदीर झाकण उघडत म्हणून. तार शॉटफायरिंगच्या वायरीचा तुकडा. तळाला खिळ्याने कोरलेलं नावाचं पहिलं अक्षर. सांभाळायला दिला, देणगी नाही. मुलीच्या लग्नात परत हवा आहे."

डबा चार आण्याचा नाही. पण या आठ ओळींमुळे तो कोणत्याही संग्रहालयात ठेवायच्या योग्यतेचा झाला.

क्रमांक एकदा दिला की बदलायचा नाही आणि वस्तू परत गेली तरी दुसरीला द्यायचा नाही. फाईलच्या नावात आधी तारीख, मग खाण, मग क्रमांक. तीन प्रती ठेवा. एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या गावातल्या सोबत्याकडच्या हार्ड डिस्कवर, एक इंटरनेटवरच्या साठ्यात. दर दिवाळीला तिन्ही उघडून पाहा. उघडत नसलेली प्रत म्हणजे प्रत नव्हे.

नववं: परत नेऊन दाखवा

ज्यांचं ऐकलं त्यांना ते परत मिळालं पाहिजे. मुलाखतीची प्रत पेन ड्राइव्हमध्ये घालून द्या, शिवाय त्यांच्या नातवाच्या फोनमध्येही टाका, कारण पेन ड्राइव्ह कुठे लावायचा हे घरात एकट्या नातवालाच माहीत असतं. फोटोंच्या प्रिंट काढून द्या. लोक त्या देवघराशेजारी लावतात.

वर्षातून एकदा वस्तीतच मांडणी करा. सभागृह नको, भाषणं नकोत. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजेला वर्कशॉपमध्ये निवृत्त मंडळीही येतात, त्या दिवशी शेजारच्या शाळेच्या दोन खोल्या मागून घ्या. फोटो उंचीने कमी लावा, बसून बघणाऱ्यांना दिसतील असे. अक्षर मोठं ठेवा. मराठीसोबत हिंदीत लिहा, आणि वस्ती तेलुगू असेल तर तेलुगूतही. खुर्च्या भरपूर, पाणी भरपूर. प्रत्येक खोलीत आपलं एक माणूस वही घेऊन फक्त ऐकायला उभं करा, समजावून सांगायला नव्हे.

आणि दाराजवळ एक वेगळं टेबल ठेवा, अनोळखी वस्तूंचं. नाव न कळलेल्या माणसांचे फोटो, कुठलं ते न समजलेलं किल्ल्यांचं जुडगं, हँडल तुटलेला दिवा. वर एकच पाटी, 'ओळखता का?' शेजारी वही आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. मागच्या वर्षी या टेबलावरच्या सहा वस्तूंना घर सापडलं. ३१२ नंबरचा बिल्लाही तिथेच होता. चौघांनी हातात घेऊन पाहिला, एकाने मागची बाजू अंगठ्याने घासली आणि म्हणाला की आमच्याकडे भोक वर नसे, बाजूला असे. तेवढं वहीत लिहून ठेवलं आहे. यंदाही तो टेबलावर असेल.